ढेकरापुरती चव

आमच्या घरात जेवायला बसलं की पहिला घास हातातच थांबतो. ताटं वाढलेली असतात, वाफा निघत असतात, पोटात कावळे ओरडत असतात आणि तरी कुणी खात नाही. कारण टेबलाच्या टोकाला बसलेले माझे सासरे विचारतात, "आज कोण?"

म्हणजे असं, की समोर जे वाढलंय त्याला ज्यांचा ज्यांचा हात लागला, त्यांतल्या एकाची आठवण काढायची आणि मग जेवायचं. ऐकायला सोपं वाटतं. नवी नवरी होते तेव्हा मलाही वाटलं होतं. पहिल्याच दिवशी मी शहाण्या मुलीसारखी मान खाली घालून म्हटलं, "देव." ते म्हणाले, "देवाला सगळेच म्हणतात. ज्याला कुणी म्हणत नाही असा सांग." दुसऱ्या दिवशी "शेतकरी" म्हटलं, तर म्हणाले, "कुठला? बघितलायस का त्याला?" तिसऱ्या दिवशी भाजी आणायला गेले ती दुकानाच्या मागच्या बाजूला उगाच रेंगाळले आणि गाजरांच्या पेट्या उतरवणाऱ्या एका डावखुऱ्या हमालाला नीट बघून आले. संध्याकाळी ऐटीत त्याचं वर्णन केलं. त्याच्या दंडावर पेटीची कड घासून पडलेला घट्टाही सांगितला. बाबांनी मान हलवली. "हां. आता जेव."

नियम तसे थोडेच. मोघम बोलायचं नाही. काल घेतलेलं नाव आज परत घ्यायचं नाही. आणि घरच्यांचं नाव मुळीच घ्यायचं नाही. घरच्यांचे आभार वागण्यातून मानायचे, तोंडाने नाही, असं त्यांचं म्हणणं. या शेवटच्या नियमावर त्यांच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे आमच्या आत्यांचा, कायमचा राग. त्या दोन गल्ल्या पलीकडे राहतात आणि काहीही चांगलं केलं की वाटी झाकून घेऊन येतात. "मी लग्न होऊन दुसऱ्या घरी गेले, दादा. मी परकी. माझं नाव चालायला हवं," असा त्यांचा युक्तिवाद. "बहीण परकी होत नसते. बस, जेव," हा त्यावरचा निकाल.

बाबा एका मोठ्या वसतिगृहाच्या भटारखान्यात मुख्य आचारी होते. मी तिथे एकदाच गेले, ते घरी विसरलेला चष्मा द्यायला. मोठमोठ्या पातेल्यांतून सूप उकळत होतं आणि हॉलमध्ये पोरं ताटं वाजवत होती. बाबांनी पहिलं ताट वाढलं आणि ते घेऊन मागच्या दाराकडे निघाले. तिथे गॅसच्या टाक्या उतरवणारा एक माणूस घाम पुसत उभा होता. "आधी तू जेव, टाक्या कुठे पळून जात नाहीत," ते म्हणाले. पुढे वसतिगृहाचे रेक्टर ताटकळत बसले होते. मला सांगितलं गेलं की हे रोजचंच आहे. पहिलं ताट कधीच पुढच्या दाराने जात नाही, मागच्या दाराशी जो कुणी आलेला असेल त्याला जातं. हा माणूस विक्षिप्त आहे आणि मला फार आवडतो, असं मी त्या दिवशी स्वतःशी ठरवून टाकलं. तो निकाल मी अजून बदललेला नाही.

अशा माणसाला झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली आणि गळा बंद पडला. गिळणं ही काही करायची गोष्ट आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. आपण पाणी पितो, ते जातं. बाबांनी दवाखान्यात पाण्याचा एक घोट घेतला, तो सरळ छातीत उतरला आणि त्यांचा जीव घाबरा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, तोंडाने काही म्हणजे काही द्यायचं नाही. पोटाला छोटं भोक पाडून एक नळी बसवली. त्या नळीतून द्यायचं अन्न डब्यात येतं. पांढुरकं, दाटसर, दुधासारखं दिसणारं आणि दूध नसलेलं.

ते द्यायची रीत मी दवाखान्यातल्या नर्सकडून शिकून घेतली. माणसाला टेकवून बसवायचं. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला जोडायची आणि नळीवरची बंद-उघड करायची चिमटी उघडायची. आधी थोडं पाणी, मग डब्यातलं अन्न. सिरिंज हातात उंच धरायची आणि आपोआप उतरू द्यायचं, ढकलायचं नाही. शेवटी पुन्हा पाणी, आणि तासभर आडवं होऊ द्यायचं नाही. मी घरी शिवणकाम करते, त्यामुळे त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना पोटाशी एक झडप केली आणि तिला टिचबटणं लावली. बटण उघडलं की नळी बाहेर. बाबांनी डाव्या हाताने ते टिचबटण दोनचार वेळा उघडून मिटून पाहिलं आणि वाकड्या तोंडाने हसले. झटक्यानंतरचं ते पहिलं हसू.

घरी आल्यावर त्यांना खोलीत एकटं ठेवून आम्ही बाहेर जेवायचं, हे माझ्या जिवावर आलं. नवरा म्हणाला, "त्यांच्यासमोर बसून खायचं? क्रूरपणा आहे हा." मी म्हटलं, "आत पडून ताटांचे आवाज ऐकायचे हा जास्त क्रूरपणा आहे." खुर्चीला चाकं होतीच. मी ती ढकलत टेबलाच्या टोकाशी नेली, त्यांच्या नेहमीच्या जागी. आम्ही घास हातात घेतला. आणि बाबांनी, एकेक शब्द ओढून काढावा तसा काढत, विचारलं, "आज... कोण?"

नवऱ्याचे डोळे भरून आले. त्याने आमच्या पुढ्यातल्या बटाट्यांसाठी कुणाचंतरी नाव घेतलं. कुणाचं ते मला आठवत नाही, कारण बाबा माझ्या हातातल्या डब्याकडे बोट दाखवत होते. त्यांचंही जेवणच होतं ते. त्यालाही कुणीतरी हवं होतं.

"औषधाच्या दुकानातले चष्मेवाले," मी म्हटलं. "स्वतः वरच्या फळीवरून काढून दिलं त्यांनी, शिडीवर चढून."

त्यांनी मान हलवली आणि मी सिरिंज उंच धरली.

असं काही दिवस छान चाललं. दुकानातून घरी डबे आणून देणारा झाला. नळीची काळजी घ्यायला शिकवणारी नर्स झाली. भोक पाडणारे डॉक्टरही झाले, जरी मला ते ओढूनताणून आणल्यासारखं वाटलं. मग माझ्याकडची माणसं संपली. मी पुन्हा चष्मेवाल्यांवर आले तेव्हा बाबांनी डाव्या हाताने नळीची चिमटी दाबून धरली.

"आणणारा... नको," ते म्हणाले. "करणारा."

आता इथे मी जे बोलले ते अगदी सरळ मनाने बोलले. "बाबा, ते कुणी करत नाही. कारखान्यात होतं, मशीनवर."

ते माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे... कुणीच... नाही," असं म्हणाले आणि चिमटी बंदच ठेवली.

आम्हाला वाटलं, आजारी माणसाचा हट्ट आहे, संध्याकाळी विसरतील. संध्याकाळीही चिमटी बंद. दुसऱ्या दिवशी हातापाया पडून अर्धा डबा गेला, तोही डोळे मिटून. मी शिवणारी बाई आहे, माणूस उतरायला लागला की डॉक्टरांच्या काट्याआधी मला कळतं. सदऱ्याची कॉलर मानेभोवती फिरायला लागली. गिळण्याचे व्यायाम शिकवायला एक तरुण बाई घरी यायच्या. त्यांना मी गिळणंताई म्हणायची, आणि त्यांनाही ते नाव आवडलं होतं. त्या बाबांकडून जीभ बाहेर काढणं, गाल फुगवणं, कोरडा आवंढा गिळणं असलं काय काय करून घ्यायच्या. त्या आठवड्यात त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"गळा सुधारतोय," त्या म्हणाल्या. "पण पोटात काही नसेल तर गळ्यात बळ कुठून येणार? हे असंच राहिलं तर त्यांना पुन्हा भरती करावं लागेल. आणि एकदा अंगातलं बळ गेलं ना, की हे व्यायाम कायमचे राहून जातात. मग ही नळीच."

मी भडकले. त्यांच्यावर नाही, बाबांवर. बाहेर जाऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. "आयुष्यभर लोकांना आग्रह करकरून जेवायला घातलंत. आता तुमच्यावर वेळ आली तर ही तऱ्हा? मी हात दुखेपर्यंत ती सिरिंज धरते, ते दिसत नाही?"

बाबांनी ऐकून घेतलं. मग स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "गाडीत... पेट्रोल," ते म्हणाले. "भरतात... तसं." थोडं थांबून म्हणाले, "जेवण... नाही."

चव नाही म्हणून ते रुसले नव्हते. चवीबद्दल तर त्यांनी एका शब्दाने कुरकुर केली नव्हती. त्यांना पलीकडे एक माणूस हवा होता. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला इतकं वाईट वाटलं की मी शिवणयंत्रापाशी जाऊन उगाच एक सरळ शिवण घातली आणि उसवली.

मग मी डबा उचलला. त्यावर बारीक अक्षरांत एक फोन नंबर होता. मी तो लावला. ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला, तक्रारीसाठी एक दाबा, माहितीसाठी दोन दाबा. मी दोन दाबलं, तिथे गाणं वाजत राहिलं. मग एक दाबलं, ताबडतोब एक मुलगी आली.

"काय तक्रार आहे, मॅडम?"

"तक्रार नाही. हे डब्यातलं अन्न कोण करतं ते विचारायचंय."

"आमची कंपनी करते, मॅडम."

"हो, पण कंपनीतलं कोण?"

ती गोंधळली. "डब्यात काही निघालं का, मॅडम?"

"नाही हो. छान आहे. आमच्या सासऱ्यांना आभार मानायचेत."

"कुणाचे?"

"तेच तर तुम्हाला विचारतेय."

बराच वेळ नुसती कळफलकाची टकटक ऐकू आली. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, आभाराचा पर्याय येत नाहीये. वास, रंग, गुठळी, गळका डबा आणि इतर एवढंच आहे. 'इतर'मध्ये टाकू का?"

"टाका," मी म्हटलं आणि पत्ता सांगितला.

त्या 'इतर'चा त्या कंपनीत काय अर्थ होतो कोण जाणे. दोन दिवसांनी दारात एक गृहस्थ उभे. हातात मोठी बॅग, गळ्यात ओळखपत्र, चेहरा मयताला आल्यासारखा. तक्रार निवारण अधिकारी. मी त्यांचं मनातल्या मनात तक्रारसाहेब करून टाकलं. त्यांनी आत येऊन हातमोजे चढवले, आमचा उघडा डबा पिशवीत घालून सीलबंद केला आणि बदली म्हणून नवे डबे टेबलावर मांडले. मग बाबांकडे पाहून हळू आवाजात मला विचारलं, "रुग्णाला नेमका काय त्रास झाला?"

"त्रास काही नाही. ते खात नाहीत."

"का?"

"तुम्हीच विचारा."

ते बाबांपुढे खुर्ची ओढून बसले. बाबांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि ओळखपत्रावर बोट ठेवलं. "करणारा?"

तक्रारसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. 'आज कोण', मागच्या दाराचं पहिलं ताट, नियम, आणि मशीनवर होतं म्हणाल्यावर बंद झालेली चिमटी. ते ऐकत असताना त्यांनी एक हातमोजा काढला, मग दुसरा काढला. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी टेबलावरचा एक डबा उचलून फिरवून पाहिला.

"मला लोक बिघडल्यावरच बोलावतात," ते म्हणाले. "किती घरांत गेलोय. पण हा डबा कोण करतं, हे मला कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पुरतं माहीत नाही. थांबा."

त्यांनी कारखान्यात फोन लावला. एकाने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. शेवटी त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. पलीकडे एक बाई होत्या. आवाज घोगरा, घाईतला, मागे यंत्रांची घरघर.

"कोण बोलतंय? घाणा लागलाय माझा, लवकर बोला."

तक्रारसाहेबांनी चाचरत सांगितलं की एक आजोबा आहेत, नळीने जेवतात, त्यांना विचारायचंय की हे कोण करतं.

"आम्ही वीसबावीस जण करतो," बाई म्हणाल्या. "कुणाकुणाची नावं सांगू? पिंप धुणारे दोघं भाऊ आहेत, ते आले नाहीत तर इथे सगळं ठप्प. झाकणं बघणाऱ्या ताई आहेत. दुधाची भुकटी आणणारा ट्रकवाला आहे, तो सतत गातो, आणि वाईट गातो. मी चव बघते."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. मी झटक्यानंतर त्यांना आपणहून असं सरकताना पाहिलं नव्हतं. "चव?" ते म्हणाले.

"हो. प्रत्येक घाण्यातला एक डबा फोडून मी चाखते. त्याशिवाय माल बाहेर जात नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण बाई, हे नळीतून थेट पोटात जातं. जिभेला लागतच नाही. चव बघून काय करायचंय?"

"तुम्ही कोण?"

"सून. मीच देते त्यांना."

"मग तुम्हाला माहीत हवं," बाई म्हणाल्या, पण त्या काही रागावल्या नव्हत्या. "ढेकर येतो की नाही त्यांना, दिल्यावर?"

"येतो."

"त्या ढेकराबरोबर चव वर येते. नळीवरच्या माणसाला दिवसभरात जेवणाची म्हणून जी काय चव मिळते ती तेवढीच. ढेकरापुरती. ती कडू असली तर माणसाचं तोंड दिवसभर कडू. माझी आई होती अशी, शेवटी शेवटी. तेव्हाचा डबा फार कडू यायचा. ढेकर आला की ती तोंड फिरवायची. म्हणून मी बघते. कडू लागला की घाणा परत. वरचे ओरडतात, ओरडू दे."

तक्रारसाहेब हातमोज्यांची घडी घालत होते. बाबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी गालावर आलं. ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही, कारण तो हात फोनच्या दिशेने पुढे झाला होता.

"आजोबा ऐकतायत का?" फोनमधून आवाज आला. "आजोबा, तुम्ही काय करायचात?"

"आचारी," बाबा म्हणाले. हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून एका दमात निघाला.

"अरे वा. मग तर तुम्हीच मला सांगायचं. पोटात गेल्यावर जड वाटतं का? मला इथे ते कधीच कळत नाही. चाखते आणि थुंकते. पुढे कुणाला कसं वाटलं ते सांगायला कुणी येत नाही."

बाबांनी विचार केला. मनापासून केला. कुणी त्यांना सूप कसं झालंय विचारलं की करायचे तसा. "नाही," ते म्हणाले. "हलकं. थोडं... गार... द्यावं."

"गार? बरं. ऐकलंत का सूनबाई, कोमट करू नका. आणि हे बघा, डब्याच्या बुडाला आकडे असतात, त्यात शेवटी एक अक्षर असतं. 'क' असेल तर तो मी चाखलेला. 'ख' असेल तर आमचे दुसरे साहेब. माणूस चांगला आहे, पण त्यांना बारा महिने सर्दी असते, तेव्हा त्यांच्या जिभेवर फार भिस्त ठेवू नका. ठेवते फोन, घाणा लागलाय."

फोन बंद झाला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. मी डबा उलटा केला. 'क' होता. त्यांनी चिमटीवरचा हात काढला, स्वतःच टिचबटण उघडलं आणि विचारलं, "आज... कोण?"

"चवीच्या बाई," मी म्हटलं, आणि सिरिंज उंच धरली. तक्रारसाहेब निघाले होते, ते उंबऱ्याशी थबकले आणि डबा संपेपर्यंत तिथेच उभे राहिले. संपल्यावर बाबांना चांगला खणखणीत ढेकर आला. त्यांनी डोळे मिटले आणि जीभ टाळ्याला लावून बघितली.

तिथून पुढे आमच्या घरी डबा उघडण्याआधी उलटा व्हायला लागला. 'क' निघाला तर चवीच्या बाई, आणि 'ख' निघाला तर बाबा मिस्कीलपणे नाक ओढून दाखवायचे. एकच नाव रोज नको म्हणून मधूनमधून पिंप धुणारे भाऊ यायचे, झाकणांच्या ताई यायच्या, बेसूर ट्रकवालाही यायचा. नवरा एकदा म्हणाला की ट्रकवाल्याचं गाणं आपण ऐकलेलं नाही, म्हणजे हे मोघम झालं. बाबांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो निमूट जेवायला लागला. चिमटी पुन्हा कधी बंद झाली नाही. सदऱ्याची कॉलर आपल्या जागी परत आली. गिळणंताईंचे व्यायाम जोरात सुरू झाले आणि सकाळी सकाळी आमच्या घरातून असे काही आवाज यायला लागले की वरच्या मजल्यावरच्यांनी एकदा काळजीने दार वाजवलं.

आणि मग तो दिवस आला. गिळणंताई म्हणाल्या, "उद्या तोंडाने देऊन बघू. एकच छोटा चमचा, दाट केलेला. काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. आवडीचं असू द्या, जिभेला आठवलं पाहिजे."

घरात नुसती धांदल उडाली. आत्या सकाळीच पातेलं घेऊन हजर झाल्या. बाबांचं वसतिगृहातलं बटाट्याचं सूप त्यांनी त्यांच्याच पद्धतीने केलं होतं, लोण्यावर कांदा अगदी मंद परतून. वास असा सुटला होता की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. नवऱ्याने केळं कुस्करून ठेवलं. मी कस्टर्ड केलं. टेबलावर तीन वाट्या आणि तीन चमचे मांडले, आणि आम्ही तिघं परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे उभे राहिलो. आत्या मला कानात म्हणाल्या, "सूपच घेईल बघ. आमच्या आईच्या हातचं आहे ते मुळात."

गिळणंताईंनी बाबांना ताठ बसवलं आणि हनुवटी जराशी खाली घ्यायला लावली. "काय देऊ, बाबा?"

बाबांनी तिन्ही वाट्या पाहिल्या. सूपाच्या वाटीवर ते रेंगाळले, वाफ नाकात ओढून घेतली. मग डावा हात उचलला आणि वाट्यांच्या पलीकडे, कपाटाकडे बोट केलं. तिथे डबे होते.

"ते?" नवरा म्हणाला. "बाबा, ते कशाला? ते तर रोजच जातंय."

"रोज... पोटात," बाबा म्हणाले. "तोंडात... नाही... गेलं."

आत्यांचा चेहरा पडला. "दादा, अरे, सूप आहे. तुझं सूप."

"नंतर," बाबा म्हणाले. "आधी... मागचं दार."

पहिलं ताट मागच्या दाराला, तसा पहिला चमचा चवीच्या बाईंचा. मग आत्यांनीच पुढे होऊन कपाटातून डबा काढला, उलटा केला, अक्षर बघितलं आणि म्हणाल्या, "क." आत्यांचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

गिळणंताईंनी थोडं वाटीत ओतलं, त्यात दाट करायची पूड घालून ढवळलं आणि चमच्याच्या टोकावर जेमतेम हरभऱ्याएवढं घेतलं. बाबांनी तोंड उघडलं. चमचा आत गेला आणि रिकामा बाहेर आला. ताईंची दोन बोटं त्यांच्या गळ्यावर होती. बाबांनी ते लगेच गिळलं नाही. डोळे मिटून जिभेवर फिरवलं, एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. आचाऱ्याची ती तऱ्हा मी ओळखते. ताईंना घाम फुटला होता. "गिळा, बाबा. जोर लावून. गिळा." गळ्याची घाटी थरथरली, अडली, आणि मग वर जाऊन खाली आली.

"गेलं," ताई म्हणाल्या. "काही बोला बघू, बाबा. आवाज ऐकू दे."

बाबांनी डोळे उघडले. आवाज स्वच्छ होता. "मीठ कमी."

नवरा हसायला लागला आणि त्याच वेळी रडायलाही लागला. आत्यांनी पदराने डोळे पुसले. बाबा मात्र हसत नव्हते. त्यांनी मला फोनची खूण केली. "तिला... सांग."

मी तक्रारसाहेबांकडून नंबर घेऊन ठेवलेलाच होता. फोन लावला, मागे तीच घरघर.

"मी सूनबाई," मी म्हटलं. "आज त्यांनी तोंडाने घेतलं. पहिला चमचा. तुमचाच डबा मागितला त्यांनी, आणि म्हणतायत की मीठ कमी आहे."

घरघर चालू राहिली. मला वाटलं, वाईट वाटलं त्यांना.

"मी तेच सांगते," त्या शेवटी म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून सांगते. डॉक्टर लोक वाढवू देत नाहीत." मग आवाज बदलला. "खरंच चाखलं त्यांनी? जिभेवर घेऊन?"

"दोन्ही गालांतून फिरवून."

"अजून काही म्हणाले का?"

मी फोन बाबांच्या तोंडाजवळ नेला. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. चव अजून जिभेवर असावी. ती त्यांनी नीट आठवून पाहिली, घाई केली नाही. मग फोनकडे झुकून प्रत्येक शब्द वेगळा करत म्हणाले, "कडू... नाही. अजिबात... कडू नाही."

पलीकडे कुणीतरी घाण्याबद्दल हाका मारत होतं. बाईंनी उत्तर दिलं नाही. फोन त्यांनी बंदही केला नाही. बाबा तो कानाशी धरून बसले, आणि मग गिळणंताईंकडे वळून दुसऱ्या चमच्यासाठी तोंड उघडलं.